खुंटी आधी, मग पिशवी

छोटे,

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "ताई, दिवसाला दोन तास जास्तीचे मिळाले असते ना, तर माझंही घर धड राहिलं असतं." आणि मग गप्पच झालीस. मागे कुकरची शिट्टी, धाकट्याचं रडणं, सगळं ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. पहाटे पाचला उठायचं, दोन डबे, लेकरांचं आवरणं, मग बडनेऱ्याला जाऊन गाडी गाठायची, मूर्तिजापूरचं अपडाउन करायचं, आणि घरी आलं की पुन्हा ओटा. यातून दोन तास निघत नाहीत गं. मी दहा वर्षं शोधले, मला सापडले नाहीत. म्हणून आज जे सांगते आहे त्यासाठी तुझ्याकडे नवा वेळ मागणार नाही.

आधी माझी चूक ऐक. एका पाडव्याला मी घराचं वेळापत्रक केलं होतं. सहाला हे, सव्वासहाला ते, अशा अकरा ओळी. फ्रिजवर चिकटवलं. पाचव्या दिवशी मोठ्याला ताप आला आणि तो कागद नुसता लटकत राहिला. त्यानंतर कितीतरी वर्षं मला वाटायचं की माझ्याच अंगी शिस्त नाही. काल तुझ्या आवाजात मला तेच ऐकू आलं, आणि जिवाला लागलं. अगं, लहान लेकरांच्या आईचा दिवस घड्याळावर चालतच नाही. तो कामामागून कामावर चालतो. दूध वर येईपर्यंत गॅसपाशी उभं राहायचं, कणीक मुरली की पोळ्या, पोळ्या झाल्या की डबे. सहाला झालं काय नि साडेसहाला झालं काय, माळ तीच. त्या माळेतली जी कामं तू अर्धवट झोपेतही करतेस, त्या तुझ्या घरातल्या पक्क्या खुंट्या आहेत. नवं काम खुंटीला अडकवायचं. घड्याळाच्या काट्याला अडकवलेली पिशवी पडणारच.

आपल्या आईला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं. भुलाबाई आठवते ना? भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी, टिपऱ्या, आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. आई दारातच उभी असायची. "पह्यले दप्तर, मंग खिरापत." त्या महिनाभर आपल्या दोघींची दप्तरं आदल्या रात्रीच भरलेली असायची. मग कोजागिरी झाली, भुलाबाई गेली, आणि तिच्याबरोबर दप्तर भरणंही गेलं. सकाळी पुन्हा कंपासपेटीची शोधाशोध, तुझं रडणं. आई चिडली नाही. एका रात्री दुधाचं पातेलं समोर घेऊन बसली आणि म्हणाली, "मी इरजण लावतो, तोवर तुमी दप्तर भरा." विरजण आपल्या घरी बारा महिने लागायचं. मला वाटतं दहावीपर्यंत आपली दप्तरं त्या विरजणावरच भरली गेली. महिन्याभरात निघून जाणाऱ्या खुंटीवर बारमाही काम टांगू नये, हे तिनं उपदेशाचा एक शब्दही न बोलता दाखवलं होतं. मला ते उमगायला मात्र स्वतःची लेकरं शाळेत जाईपर्यंत वेळ लागला.

पुढे मी याबद्दल वाचलंही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेऊन बारा आठवडे हेच पाहिलं. प्रत्येकानं एक छोटी गोष्ट निवडायची आणि रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडायची, म्हणजे नाश्त्यानंतर पाणी पिणं वगैरे. २०१० मध्ये ते छापून आलं. विचार न करता काम आपोआप व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात निघालं. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्यासारखं सोपं काम लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला जास्त दिवस लागले. "एकवीस दिवसांत सवय लागते" असं आपल्याकडे सर्रास सांगतात. मग बाविसाव्या दिवशी जमलं नाही की बाई स्वतःलाच बोल लावते. मला त्या अभ्यासातली एक गोष्ट फार धीर देऊन गेली. मधे एखादा दिवस चुकला तरी सवय बसायला त्यानं फारसा फरक पडला नाही. लेकराला ताप आला, पाहुणे आले, गाडी दोन तास उशिरा आली, चुकू दे. दुसऱ्या दिवशी खुंटी जागेवरच असते.

आता गोळीचं सांगते, कारण तुझ्या चेहऱ्यावरचा फिकेपणा मी दिवाळीत पाहिला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली ना २०१९-२१ ची, तिच्यात महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. मीही त्यातलीच. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, मी त्या सारख्या विसरायची. मग मला वाटलं, माझी सगळ्यात पक्की खुंटी सकाळचा चहा. गोळ्यांची पट्टी चहाच्या डब्याशेजारी ठेवली. तीन महिने एक दिवस चुकवला नाही, इतकी छान सवय लागली. आणि तपासणीत रक्त जिथल्या तिथं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? मी अभिमानानं सांगितलं, चहाबरोबर. चहामुळे लोह अंगी नीट लागत नाही गं! तासभर आधी नि तासभर नंतर तरी चहा नको. लिंबू चालतं, उलट त्यानं मदतच होते. कॅल्शियमची गोळी असेल तर तीही वेगळ्या वेळी. माझी खुंटी मजबूत होती, पण पिशवी तिथं टांगायची नव्हती. म्हणून जागा बदलली. रात्री सगळं आवरून मी मोबाइल चार्जिंगला लावते, ते कधीच विसरत नाही. त्याच्या वरच्या फळीवर आता गोळ्या आणि पाण्याचा तांब्या असतो. फळी उंच आहे. तुझ्याकडेही उंचच ठेव, कारण या गोळ्या लेकरांनी खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. आणि तुला कोणती गोळी, किती, केव्हा, ते तुझ्या डॉक्टरांना विचारूनच ठरव.

सगळ्यात जास्त मला बोलायचं आहे ते पाण्याबद्दल. तुमच्याकडे अप्पर वर्धाचं पाणी, आमच्याकडे महानच्या धरणातून काटेपूर्णेचं, पण अकोल्यात नळ काही रोज येत नाही. दोन नळांच्या मधे किती दिवस जातील हे उन्हाळ्यात तर कुणीच सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक घरात ड्रम, टाकं, कोठी, जे मिळेल ते भरलेलं. नळ आला की आमच्या गल्लीत जी धावपळ उडते, ती तू पाहिलीच आहेस. झोपेतून उठून भरायचं, भांडं अर्धं असलं तरी वरून भरायचं, काहून की पुन्हा कधी येईल कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्याला डेंग्यू झाला. आठ दिवस त्याच्या उशाशी बसून मी प्लेटलेटचे आकडे मोजले. तेव्हा आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई घरी आल्या, ड्रमात बॅटरीचा उजेड पाडला आणि वळवळणाऱ्या अळ्या मला दाखवल्या. माझ्या स्वच्छ, झाकलेल्या, पिण्याच्या पाण्याच्या शेजारच्या ड्रमात! झाकणाला एका बाजूनं फट होती, तेवढी पुरली.

त्यांनी जे समजावलं ते मी तुला जसंच्या तसं सांगते. डेंग्यूचा हा डास घाण गटारात वाढत नाही, आपण साठवलेल्या चांगल्या पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडं रिकामं झालं की साखळी तुटते, त्यालाच ते कोरडा दिवस म्हणतात. पण नुसतं ओतून चालत नाही. अंडी पाण्याच्या काठाला, भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात. कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागलं की पुन्हा जागी होतात. म्हणून घासायचं. कुलरच्या टाकीचंही तेच. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा रोजचं पाणी उडून तरी जातं. पहिला पाऊस पडला की आपण कुलर बंद करतो आणि खाली उरलेलं पाणी तसंच विसरतो, तेव्हाच खरी भीती.

मी आधी ठरवलं होतं, दर रविवारी ड्रम घासायचे. जमलं नाही, कारण रविवारी ड्रम भरलेले असले तर ते पाणी ओतून द्यायची छाती वऱ्हाडातल्या कोणत्या बाईची होईल? पाणी म्हणजे आपल्याकडे जीव. मग एके दिवशी लक्षात आलं की ड्रम घासायची खुंटी वारात नाहीच, ती नळात आहे. नळ यायच्या वेळी ड्रम असतात तितके रिकामे पुन्हा कधीच नसतात. आता दोरीनं बांधलेला घासायचा ब्रश नळाशेजारच्या खिळ्याला कायमचा लटकवला आहे. नळ सुटला की पहिली बादली भरेपर्यंत रिकामा ड्रम आतून घासायचा, तळाशी राहिलेलं पाणी कुंड्यांना घालायचं, मग भरायचं, मग झाकणाखाली जुन्या सुती लुगड्याचा तुकडा ताणून बांधायचा. आमच्याकडे दोन ड्रम आहेत, एका नळाला एक, पुढच्या नळाला दुसरा. नळ फारच लांबला आणि आठवडा उलटला, तर उरलेलं पाणी कापडातून गाळून घेते आणि ड्रम घासते. पाणी वाया जात नाही. तुझ्याकडे पाणी आमच्यापेक्षा बरं येतं, पण गच्चीवरची टाकी आणि कुलर एकदा जाऊन बघ. आजच बघ.

रात्रीचं थोडक्यात सांगते. ओटा पुसून फडकं वाळत घातलं की मी मटकी किंवा हरभरे भिजत घालते. लेकरं डबे घासायला टाकतात तेव्हाच पाण्याच्या बाटल्याही टाकतात. झालं. याहून जास्त काही नाही. एका खुंटीवर एकच, फार तर दोन. मी लोभानं पाच-पाच कामं टांगून पाहिली आहेत, सगळीच खाली येतात.

आणि छोटे, आता जे सांगते ते नीट ऐक, कारण आपण बाया इथंच चुकतो. सगळ्या पिशव्या स्वतःच्याच खुंट्यांवर टांगू नकोस. २०१९ ची देशभरातली वेळेची पाहणी आहे, तिच्यात घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. जावईबापू मनानं चांगले आहेत, मला माहीत आहे. पण "काही मदत लागली तर सांग" असं म्हणणाऱ्या माणसाला रोज सांगावं लागतं, आणि ते सांगणं हेही तुझंच काम होऊन बसतं. त्यांच्या दिवसातल्या खुंट्या शोध. ते रोज संध्याकाळी गाडी उभी करतात ना? गाडी लावली की वाळलेले कपडे काढून घड्या. जेवण झाल्यावर पानं उचलून उरलेलं अन्न लहान भांड्यात काढणं त्यांचं. आमच्या घरी नळाचं पूर्ण काम आता तुझ्या भाऊजींचं आहे, ब्रशसकट. पहिले दोन महिने मी न बोलता राहिले, ते माझ्यासाठी ड्रम घासण्यापेक्षा अवघड होतं. आता ते नळाच्या आवाजानं माझ्याआधी उठतात.

पोट्ट्यांनाही सोडू नकोस, आणि पोरगा म्हणून तर मुळीच नको. तू गाडगेनगरावरून रोज जातेस. गाडगेबाबांची समाधी तुझ्या वाटेवर आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचा तो माणूस. कोणत्याही गावात पाऊल पडलं की आधी हातात खराटा, दिवसभर झाडलोट, आणि रात्री कीर्तन. १९५६ मध्ये गेले तोवर खराटा सुटला नाही. माझ्या दोघांना मी एकदा समाधीपाशी नेऊन हे सांगितलं. आजी म्हणायची ना, दिवेलागणीच्या आधी घर झाडून घ्यावं? आमच्याकडे अजूनही तसंच होतं, फक्त आता झाडू मोठ्याच्या हातात असतो आणि दिवा धाकटा लावतो.

एक गोष्ट मात्र माझ्यासाठी कर. बडनेरा ते मूर्तिजापूर गाडीत तुला जी जागा मिळते, त्या वेळेवर काही टांगू नकोस. भाजी निवडणाऱ्या बाया मी त्या गाडीत पाहिल्या आहेत, त्यांची गरज मला कळते. पण तुझं अंग थकलेलं आहे. खिडकी मिळाली तर बाहेर बघ, डोळा लागला तर लागू दे, शेजारणी उठवतील.

येत्या रविवारी मी सकाळच्या गाडीनं येते. भाऊजी आणि पोरं इथंच राहतील, दोन दिवस त्यांचं त्यांना जमतं. आपण दोघी तुझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहू आणि एकच काम निवडू, एकच. तोवर मला एवढंच कळव. सकाळी उठल्यावर, अजून कुणी जागं झालेलं नसताना, तुझा हात सगळ्यात पहिल्यांदा कशाला लागतो?

तुझी,
ताई