जे येते तेच लिहा

(शिक्षण संपल्यावर नोकरीसाठी अर्ज करावा लागतो. अर्जासोबत स्वतःची माहितीही द्यावी लागते. ती माहिती कशी लिहावी, हे या पाठात सांगितले आहे.)



तुम्ही रोज शाळेच्या लोखंडी फाटकातून आत येता. जिन्याच्या कठड्याला धरून वर जाता. लोखंडी बाकावर बसता. हे फाटक, हा कठडा, हा बाक कोणीतरी वेल्डिंग करून जोडलेला आहे. जोड पक्का आहे, म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. एकदा रंग बसला की जोड डोळ्यांना दिसत नाही. तो पक्का की कच्चा, हे भार पडल्यावरच कळते.

नोकरीच्या अर्जाचेही असेच आहे. तुमच्यापैकी काही जण पुढे वेल्डर होतील. त्यांना स्वतःचे माहितीपत्रक द्यावे लागेल. त्याला बायोडेटा किंवा रेझ्युमे म्हणतात. तो कसा लिहू नये आणि कसा लिहावा, हे एका मुलाच्या गोष्टीवरून पाहू.

या मुलाचे वडील यंत्रमाग कामगार होते. दहावीनंतर त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय.टी.आय.मध्ये, वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. एके दिवशी त्याने जाहिरात वाचली, 'वेल्डर पाहिजेत'. त्याने एका मित्राचा बायोडेटा आणला आणि जसाच्या तसा उतरवून काढला. फक्त नाव व पत्ता बदलला. 'मला आर्क, गॅस, मिग, टिग अशी वेल्डिंगची सर्व कामे येतात', असे त्यात लिहिले होते.

चार दिवसांनी त्याला बोलावणे आले. फोरमनसाहेबांनी कागद वाचला. दोन पातळ पत्रे पुढे ठेवले आणि म्हणाले, "टिगने जोडून दाखव."

टिग वेल्डिंग हे नाजूक काम आहे. टंगस्टनचे टोक वितळलेल्या धातूच्या अगदी जवळ ठेवायचे, पण टेकू द्यायचे नाही. आपल्या मुलाने टिगची टॉर्च एकदोनदाच हातात घेतली होती. त्याचा हात थरथरला. टोक धातूला टेकले आणि खराब झाले. पत्र्याला भोक पडले.

फोरमनसाहेब रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "मग तुला येतं काय?"

"साहेब, हाताचं आर्क वेल्डिंग येतं. सपाट आणि उभा जोड. सहा मिलिमीटरच्या प्लेटवर."

"अरे, मग हेच का नाही लिहिलंस? स्टँड आणि जाळ्या करायला आम्हांला असाच मुलगा हवा होता. आता या कागदावरच्या दुसऱ्या ओळींवर मी विश्वास कसा ठेवू?"

ती नोकरी त्याला मिळाली नाही. टिग येत नाही याची त्याला लाज वाटली नाही. येते असे लिहिले, याची वाटली.

दुसऱ्या दिवशी तो आय.टी.आय.तील आपल्या शिक्षकांकडे गेला. त्यांनी त्याला जवळ बसवून बायोडेटा लिहायला शिकवले. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी तुम्हीही लक्षात ठेवा.

१. बायोडेटा एका पानाचा असावा. फोरमनला फार वेळ नसतो. सर्वांत वर नाव, पत्ता व मोबाइल क्रमांक स्पष्ट लिहावा. क्रमांकातला एक आकडा चुकला, तर बोलावणे येणार कसे?

२. 'सर्व कामे येतात' असे कधीही लिहू नये. कोणते वेल्डिंग, कोणत्या धातूवर, किती जाडीच्या प्लेटवर आणि कोणत्या स्थितीत, ते लिहावे. प्लेटच्या जोडाच्या चार मुख्य स्थिती आहेत. सपाट स्थितीला १जी, आडव्या स्थितीला २जी, उभ्या स्थितीला ३जी आणि डोक्यावरच्या स्थितीला ४जी म्हणतात. नळीच्या जोडाच्या परीक्षेत ६जी ही स्थिती फार अवघड मानतात. तिच्यात नळी ४५ अंशांत तिरपी पक्की बसवतात आणि वेल्डरला तिच्याभोवती फिरून जोड द्यावा लागतो. जाणकार माणसाला असा एक आकडा दहा ओळींपेक्षा जास्त सांगतो.

३. वेल्डिंगच्या आगेमागे करायची कामे येत असतील, तर तीही लिहावीत. मापे घेणे, नकाशा वाचणे, गॅस कटिंग, ग्राइंडिंग ही कामे प्रत्येक वर्कशॉपमध्ये लागतात.

४. अनुभव लिहिताना काय काय बनवले, ते लिहावे. मामांच्या दुकानात खिडक्यांच्या जाळ्या केल्या असतील, तर तोही अनुभवच. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार कारखान्यात उमेदवारी केली असेल, तर किती महिने केली आणि कोणत्या खात्यात, हे जरूर लिहावे.

५. घरच्या अडचणीमुळे एखादे वर्ष वाया गेले असेल, तर ते लपवू नये. विचारले, तर सरळ सांगावे.

६. दाखल्यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ दाखले दाखवून परत घ्यावेत. ते कोणाकडेही ठेवून येऊ नयेत.

मित्रांनो, तुमची मातृभाषा उर्दू आहे. मराठीत अर्ज लिहिताना याचा तुम्हांला फायदाच होतो. अर्ज, उमेदवार, कारखाना, शिफारस, हजर हे शब्द तुम्ही घरी ऐकतच असता. पण काही शब्दांपासून सावध राहा. ते दोन्हीकडे दिसतात सारखे, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. 'तालीम: दहावी' असे लिहिले, तर वाचणारा गोंधळून जाईल. हिंदीप्रमाणे 'शिक्षा: दहावी' असे लिहिले, तर तो हसेल, कारण मराठीत शिक्षा म्हणजे सजा! योग्य शब्द आहे 'शिक्षण'. उर्दूत 'दाखिला' म्हणजे प्रवेश. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र. सरकारी मराठीत वेल्डरला 'संधाता' आणि फिटरला 'जोडारी' म्हणतात. हे शब्द माहीत नसतील, तर आपल्याच कामाची जाहिरात आपल्याला ओळखता येणार नाही.

आता त्या मुलाने पुन्हा लिहिलेला बायोडेटा पाहा.

बायोडेटा

नाव: अ. ब. क.
पत्ता: (घर क्रमांक, गल्ली, गाव, पिन कोड)
मोबाइल: (दहा अंकी क्रमांक)
कोणत्या कामासाठी अर्ज: वेल्डर (संधाता)

येणारी कामे:
• हाताचे आर्क वेल्डिंग: मऊ पोलाद, ६ ते १० मि.मी. प्लेट, १जी, २जी व ३जी स्थिती
• गॅस कटिंग: १० मि.मी. पर्यंत
• ग्राइंडिंग, मापे घेणे, साधा नकाशा वाचणे

शिकत असलेले काम: मिग वेल्डिंग

शिक्षण: दहावी उत्तीर्ण; आय.टी.आय. वेल्डर, एक वर्ष

अनुभव: फॅब्रिकेशनच्या दुकानात ८ महिने मदतनीस. खिडक्यांच्या जाळ्या, फाटके व लोखंडी जिने यांची कामे.

भाषा: उर्दू, हिंदी, मराठी

वरील माहिती खरी आहे. लिहिलेले प्रत्येक काम मी करून दाखवीन.

सही

या बायोडेटात टिगचे नाव नाही. 'शिकत असलेले काम' ही ओळ मात्र नवी आहे. येत नसलेले काम 'येते' असे लिहिणे खोटेपणा आहे; शिकत असलेले काम 'शिकत आहे' असे लिहिणे उमेद आहे.

हा कागद घेऊन तो दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेला. तिथल्या उस्तादांनी दोन प्लेटी उभ्या लावल्या आणि त्याच्या हातात होल्डर दिला. त्याने खालून वर सावकाश जोड दिला. उस्तादांनी हातोडीने स्लॅग पाडला आणि ब्रशने जोड साफ केला. मग एकदा जोडाकडे आणि एकदा कागदाकडे पाहिले.

"जे लिहिलंस ते आहे," ते म्हणाले. "सोमवारपासून ये. मिग इथं शीक."

मुलांनो, कोणत्याही कामाचा अर्ज लिहाल, तेव्हा हे वाक्य आठवा. वेल्डरच्या जोडावर उद्या कोणीतरी उभे राहणार असते. उंच शिडीवर चढलेल्या माणसाचा जीव त्या जोडावर अवलंबून असतो. म्हणून वेल्डरचा शब्दही त्याच्या जोडासारखाच पक्का असला पाहिजे.

शब्दार्थ
निर्धास्त: बेफिकीर, भीती नसलेला
फोरमन: कामगारांवर देखरेख करणारा
टॉर्च: वेल्डिंगसाठी हातात धरायचे साधन
मऊ पोलाद: साध्या बांधकामात वापरले जाणारे पोलाद, माइल्ड स्टील
स्लॅग: जोडावर जमणारी कडक साल
उमेद: उत्साह, आशा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलाने पहिला बायोडेटा कसा तयार केला?
(आ) उभ्या स्थितीतील जोडाला काय म्हणतात?
(इ) सरकारी मराठीत वेल्डरला काय म्हणतात?

२. कारणे लिहा.
(अ) फोरमनसाहेबांनी मुलाला नोकरी दिली नाही.
(आ) 'शिक्षा: दहावी' असे लिहिणे चूक आहे.

३. पुढील शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहा.
तालीम, दाखला

४. तुमच्या ओळखीच्या एखाद्या कारागिराला भेटा. त्याला कोणकोणती कामे येतात, ते विचारा आणि त्याच्यासाठी एका पानाचा बायोडेटा लिहा. तो त्याला वाचून दाखवा. एखादी ओळ खरी नाही, असे त्याने सांगितले, तर ती खोडा.