फौजी गेला, राग राहिला

प्रश्न : माझे पती सैन्यातून निवृत्त झाले. विरार लोकलमध्ये धक्का लागला की हातघाईवर येतात. घरी भांडी आपटतात. डॉक्टर 'पीटीएसडी' (आघातानंतरचा तणाव विकार) म्हणाले, गटोपचार सुचवला. चारचौघांत बोलून राग जातो का? – एक वाचक, नालासोपारा

उत्तर : ताई, राग जात नाही, आवरता येतो. सीमेवर सतत सावध राहिलेलं शरीर गर्दीलाही धोकाच समजतं. गटात साधारण 8-10 जण, आठवड्याला दीड तास, अशा 12 बैठका होतात. रागाला 1 ते 10 आकडा द्यायचा आणि 5 वरच बाजूला व्हायचं. मुठी कधी वळल्या, जबडा कधी आवळला, हे तिथं कळतं. शिवाय 'तुम्हाला काय कळणार?' हे वाक्य बायकोपुढे चालतं, दुसऱ्या फौजीपुढे नाही! माझ्या मते निम्मं काम तिथंच होतं. दारू चालू असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं (ईसीएचएस) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणी मागा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) सैनिकी कुटुंबांसाठी त्याचा खास कक्ष 2023 पासून आहे. हात उगारला तर मात्र बैठकीची वाट पाहू नका, 112 लावा.