धुक्यातील दिवा

सह्याद्रीच्या ज्या रांगा भोर आणि वेल्हे या मुलखांतून गेल्या आहेत, त्यांच्या अंगाखांद्यावर महाराष्ट्राचा इतिहास खेळला आहे. रायरेश्वराचे विस्तीर्ण पठार, भोरजवळचा रोहिडा, वेल्ह्याच्या माथ्यावर उभा असलेला प्रचंड तोरणा आणि त्याच्या शेजारचा राजगड! या भागातील शाळांत मी आयुष्यभर मराठी शिकविले. वर्गातल्या मुलांना घेऊन हे गड मी कितीदा चढलो, याची गणती नाही. परंतु ज्या सहलीने मला स्वतःला विद्यार्थी केले, तिची हकीकत आज तुम्हांला सांगणार आहे.

सेवानिवृत्त झाल्यावर एके दिवशी मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. ‘गुरुजी, आम्ही सहा मित्रमैत्रिणी ऑक्टोबरअखेर राजगडावर मुक्कामाला जात आहोत. आम्हां सहाही जणांना ऐकू येत नाही. आपण आमच्याबरोबर यावे आणि गडाचा इतिहास सांगावा, अशी सर्वांची इच्छा आहे.’

पत्र वाचून मला आनंद झाला. पण त्याबरोबरच मनात एक जुना काटाही सलला. हा मुलगा सहावीत माझ्या वर्गात होता. एकदा मी फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता त्याचे नाव पुकारले. उत्तर आले नाही. पुन्हा पुकारले, तिसऱ्यांदा पुकारले. तो आपला खिडकीबाहेर पाहत बसलेला! ‘हा उद्धटपणा मी चालू देणार नाही,’ असे म्हणून मी त्याला तासभर बाकावर उभे केले. आपले काय चुकले, हे त्या पोराला कळलेसुद्धा नाही. पुढे तपासणीत निष्पन्न झाले, की एका मोठ्या तापानंतर त्याची श्रवणशक्ती हळूहळू नाहीशी होत होती. मग वडिलांनी त्याला कर्णबधिरांच्या शाळेत घातले. आता तो पुण्यात इमारतींचे नकाशे काढण्याचे काम करतो.

ठरल्या दिवशी नसरापूर आणि मार्गासनी ही गावे मागे टाकून आम्ही राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे येथे उतरलो. तेथे प्रथम ओळखी झाल्या. त्या मंडळींत प्रत्येकाला कागदावरच्या नावाखेरीज हातांनी दाखविण्याचे आणखी एक नाव असते. ते कोणी स्वतःचे स्वतः घेत नाही. सोबत्यांनी ते द्यावे लागते. एकाच्या भुवईवर व्रण होता. भुवईवरून बोट फिरविले, की ते त्याचे नाव झाले. एका मुलीच्या गालाला खळी पडे. तेच तिचे नाव. मला नाव मिळायला पाच मिनिटेही लागली नाहीत. माझा चष्मा सारखा नाकावरून घसरतो. तो बोटाने वर सरकविण्याची माझी लकब त्यांनी अचूक हेरली आणि तेच माझे नाव ठरले. पदवीधर होऊन, मुख्याध्यापक होऊनही मला जे नाव मिळाले नव्हते, ते एका क्षणात मिळाले!

चढण लागण्यापूर्वी माझ्या विद्यार्थ्याने सर्वांना भोवती उभे केले आणि सहलीचे नियम सांगितले. त्याला ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजते आणि तो सावकाश बोलतोही. त्यामुळे माझ्यासाठी त्याने ते तोंडाने पुन्हा सांगितले. ‘एक, हात हीच आपली जीभ आहे. कड्यावर हात खडकाला लागतात, तेथे बोलता येणार नाही. म्हणून बोलायचे ते चढण्याआधी बोलून घ्यावे. दोन, दर थोड्या पावलांनी मागे वळून पाहावे. मागचा दिसला पाहिजे. तीन, रात्री विजेरी मध्ये ठेवावी, म्हणजे सर्वांचे हात आणि चेहरे दिसतील. चार, धुक्यात कोणी चुकला, तर त्याने जागचे हलू नये. खाली बसावे आणि विजेरी तीनदा उघडझाप करीत राहावी.’

शेवटचा नियम ऐकून मी मनात हसलो. एक हाक मारली की काम भागते. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे मला वाटले.

चोरदरवाज्याच्या वाटेने आम्ही पद्मावती माचीवर पोहोचलो. दरवाज्याजवळ एक आजीबाई ताक विकत बसल्या होत्या. प्रथम त्या मोठ्याने ओरडून भाव सांगू लागल्या. कोणी उत्तर देईना, तेव्हा क्षणभर गोंधळल्या. मग आपण होऊनच त्यांनी बोटे दाखविली, पेला दाखविला आणि मीठ हवे का, हे चिमटीने विचारले. मला वाटले, ही शाळेची पायरी न चढलेली बाई माझ्याहून पुष्कळ लवकर शिकली!

दुपारी बालेकिल्ला चढताना त्या पहिल्या नियमाचे मर्म कळले. तो कडा सरळ उभा आहे. दोन्ही हातांनी कठडे आणि खोबणी धरून वर जावे लागते. सारी मंडळी अगदी शांतपणे, एकमेकांच्या पायांवर नजर ठेवून चढली. वर वारा असा घोंगावत होता, की तेथे आलेल्या दुसऱ्या तुकडीतील मुले हातभर अंतरावरूनही एकमेकांना ओरडून बोलत होती. आमच्यापैकी एक मैत्रीण पाय मुरगळल्यामुळे खाली पद्मावती माचीवर थांबली होती. आमच्या मंडळींनी तटाच्या कडेशी उभे राहून मोठमोठ्या हातवाऱ्यांनी तिची विचारपूस केली. ‘पाय बरा आहे. चहा किती वाजता ठेवू?’ असा तिचा उलट प्रश्नही आला. वाऱ्याला त्यातले एक अक्षरही उडवून नेता आले नाही!

तेथे बसून मी त्यांना गडाचा इतिहास सांगितला आणि माझ्या विद्यार्थ्याने तो हातांनी सर्वांपर्यंत पोहोचविला. रायगडापूर्वी राजगड ही स्वराज्याची राजधानी होती. १६६६ साली आग्र्याच्या कैदेतून निसटून महाराज याच गडावर परतले. १६७० साली राजाराम महाराजांचा जन्म येथेच झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला, त्यांत राजगडही आहे. हे सांगताना मी पाहत होतो, की ‘निसटले’ हा एक शब्द सांगायला केवळ हात पुरत नाहीत. डोळे सावध होतात, खांदे आकसतात, भुवया वर जातात. आपण आवाजाच्या चढउताराने जे साधतो, ते ही भाषा चेहऱ्याने साधते.

होय, ही भाषाच आहे. पुष्कळांना वाटते, की खुणा म्हणजे वेळ मारून नेण्याचे साधन. तसे नाही. तिला स्वतःचा शब्दसंग्रह आहे आणि स्वतःचे व्याकरण आहे. १८८० साली इटलीतील मिलान शहरी भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना केवळ तोंडी बोलण्यानेच शिकवावे, असा ठराव केला आणि अनेक देशांतील शाळांतून ही भाषा हद्दपार झाली. १९६० साली विल्यम स्टोकी या अमेरिकन अभ्यासकाने आपल्या संशोधनातून दाखवून दिले, की खुणांची भाषा ही बोलभाषेइतकीच खरी भाषा आहे. सर्व जगात एकच सांकेतिक भाषा आहे, असेही समजू नका. इंग्लंड व अमेरिका येथे इंग्रजी बोलतात. पण तेथील सांकेतिक भाषा एकमेकींपासून भिन्न आहेत. आपली भारतीय सांकेतिक भाषा तिसरीच. तिच्या अभ्यासासाठी २०१५ साली दिल्लीत एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि २०१८ साली त्या संस्थेने तीन हजार शब्दांचा कोशही सिद्ध केला.

रात्री पद्मावतीच्या देवळात पिठले-भाकरी झाली. मध्ये विजेरी ठेवून गप्पांना रंग चढला. खळीच्या मुलीने भ्रमणध्वनीवर बर्फाळ डोंगरातील एक चलच्चित्र दाखविले. दोन्ही पाय एका फळीला जखडून खेळाडू बर्फावरून वाऱ्याच्या वेगाने घसरत खाली येत होते. त्या खेळाला स्नोबोर्डिंग म्हणतात. कर्णबधिर खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा १९२४ साली पॅरिसमध्ये सुरू झाल्या, त्यांच्या हिवाळी स्पर्धा १९४९ साली ऑस्ट्रियात; आणि या फळीच्या खेळाचा त्यांत १९९९ साली समावेश झाला. शर्यत सुरू करण्यासाठी तेथे शिट्टीवर विसंबत नाहीत, दिवा किंवा निशाण वापरतात. मे २०२३ मध्ये तर शेना उंगर आणि स्कॉट लेहमन या अमेरिकेतील कर्णबधिर जोडप्याने एव्हरेस्टचे शिखर गाठले. ‘पण थंडीत त्यांना जाड हातमोजे घालावे लागतात,’ भुवईवाला गंभीरपणे म्हणाला, ‘म्हणजे बोबडे बोलावे लागत असणार!’ यावर सारे खदखदून हसले. ‘आपल्याकडे बर्फ नाही, कारवीची वाट आहे. तेवढी पुरे!’ असे खळीवालीने उत्तर दिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुवेळा माचीवरून सूर्योदय पाहावा, म्हणून आम्ही निघालो. पाय मुरगळलेली मैत्रीणही आता सावरली होती. बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी वाट अरुंद आहे. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. मी सर्वांच्या मागे होतो. बुटाची नाडी बांधण्यासाठी वाकलो आणि मान वर केली, तो समोर काहीच नव्हते! दरीतून ढगांचा एक लोट वर आला होता आणि त्याने वाट, तट, माणसे, सारे गिळून टाकले होते.

सवयीप्रमाणे मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा अगदी बेंबीच्या देठापासून ओरडलो. वाऱ्याखेरीज कोणाचेही उत्तर आले नाही. मला थोडा रागच आला. ‘एवढा ओरडतो आहे आणि कोणी लक्ष देत नाही!’ असे शब्द माझ्या ओठांवर आले आणि तेथेच थिजले. हेच शब्द मी पूर्वी एकदा उच्चारले होते. तीन हाका तेव्हाही मारल्या होत्या. तेव्हाही पलीकडच्याला त्या ऐकू येत नव्हत्या, आणि शिक्षा मात्र त्याला झाली होती.

घाबरून मी चार पावले पुढे टाकली. पायाखालून एक दगड सुटला. तो खाली पोहोचल्याचा आवाज पुष्कळ वेळाने आला. तेव्हा मला चौथा नियम आठवला. मी मटकन खाली बसलो, थरथरत्या हाताने विजेरी काढली आणि तीनदा उघडझाप केली. थांबलो. पुन्हा तीनदा केली. किती वेळ गेला कोण जाणे! मग धुक्यात एक पिवळसर ठिपका दिसला. तो तीनदा लुकलुकला. पाठोपाठ हातात हात गुंफलेली एक साखळीच धुक्यातून बाहेर आली. पुढे माझा विद्यार्थी होता. त्याने मागे वळून पाहिले होते. सातांऐवजी सहाच मोजले होते आणि सर्वांना घेऊन तो परतला होता.

तो माझ्याशेजारी बसला. धुके विरळ होऊन उजेड पडला, तेव्हा मी त्याच्याकडे तोंड केले आणि सावकाश म्हणालो, ‘बाळ, एकदा मी तुला बाकावर उभे केले होते. ती चूक माझी होती.’

त्याने माझे ओठ नीट वाचले. मग हसून तो म्हणाला, ‘गुरुजी, तेव्हा तुमच्याजवळ दिवा नव्हता.’

त्याचे मन मोठे, म्हणून तो असे म्हणाला. पण मुलांनो, खरे सांगू? दिवा होता. चार पावले चालून त्याच्यासमोर जाण्याइतकाच तो दिवा होता; मी तो लावला नव्हता.

तुमच्या वर्गात, तुमच्या आळीत एखादा असा सोबती असेल. त्याला ‘मुका’ म्हणू नका. बहुतेक कर्णबधिरांचा कंठ निरोगी असतो. शब्द कानी पडत नाहीत, म्हणून बोलणे अवघड जाते. त्याच्या पाठीमागून ओरडू नका. खांद्याला हळूच स्पर्श करा. उजेडात, समोर उभे राहून बोला. तोंडावर हात धरू नका. जमल्यास त्याच्या भाषेतील चार शब्द शिका. २३ सप्टेंबर हा जगभर सांकेतिक भाषांचा दिवस म्हणून पाळतात. पण आरंभासाठी त्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही.

त्या सकाळी सूर्य उशिराच दिसला. तोरण्याचा माथा उजळला, तेव्हा सहाही जणांनी दोन्ही हात उंच करून ते हलविले. ती त्यांची टाळी होती. माझेही हात आपोआप वर गेले. चष्मा घसरला, पण या वेळी तो सावरण्याची मला आठवण राहिली नाही.

स्वाध्याय

१. चढण लागण्यापूर्वी सांगितलेले चार नियम कोणते? प्रत्येकाचे कारण लिहा.
२. ताक विकणाऱ्या आजीबाई लेखकाहून लवकर शिकल्या, असे लेखकाला का वाटले?
३. ‘दिवा होता, मी तो लावला नव्हता.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : काटा सलणे, वेळ मारून नेणे, बेंबीच्या देठापासून ओरडणे.
५. तोंडाने एकही शब्द न उच्चारता आपल्या मित्राला एखाद्या सहलीची हकीकत सांगा. त्याला काय समजले आणि काय समजले नाही, ते लिहून काढा.