प्लास्टिक खाणाऱ्या अळ्या : शक्यता आणि मर्यादा

टिकाऊपणा हा प्लास्टिकचा सर्वात मोठा गुण. पर्यावरणाच्या दृष्टीने तोच त्याचा सर्वात मोठा दोष ठरला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले व त्यातून सुमारे ६३० कोटी टन कचरा निर्माण झाला. त्यापैकी केवळ ९ टक्के कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण झाले, १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला ७९ टक्के कचराभूमीत अथवा निसर्गात साचून राहिला. हा साठा जैविक मार्गाने कमी करता येईल काय, या प्रश्नाच्या शोधात शास्त्रज्ञांचे लक्ष काही कीटकांच्या अळ्यांकडे वळले.

प्लास्टिक कुजत का नाही?

लाकूड, कागद, सुती कापड यांचे विघटन होते; कारण त्यांतील रासायनिक बंध तोडणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, सूक्ष्मजीवांकडे असतात. पिशव्यांसाठी वापरले जाणारे पॉलिएथिलीन हे मात्र कार्बन अणूंच्या अतिदीर्घ साखळ्यांचे बनलेले असते. या साखळीत विकरांना सहज पकड मिळेल असा कमकुवत दुवा नसतो.

मेणाच्या पोळ्यातील अळी

गॅलेरिया मेलोनेला या मेणपतंगाच्या अळ्या मधमाश्यांच्या पोळ्यातील मेणावर वाढतात. स्पेनमधील संशोधक फेडेरिका बेर्टोकिनी यांनी पोळ्यातून काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या अशा अळ्यांनी पिशवीला भोके पाडल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यानंतर केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांसह केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १०० अळ्यांनी १२ तासांत पॉलिएथिलीनच्या पिशवीचे वजन ९२ मिलिग्रॅमने घटवले, असे त्यात आढळले. मेणातही कार्बनच्या लांब साखळ्या असतात. या साम्यामुळे मेण पचवण्याची क्षमता प्लास्टिकच्या बाबतीतही उपयोगी पडत असावी, असे अनुमान मांडले गेले.

थर्माकोल आणि पिठातील अळी

त्यापूर्वी, २०१५ मध्ये, चीन व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी टेनेब्रिओ मोलिटर या भुंग्याच्या पिठात वाढणाऱ्या अळ्यांना थर्माकोल, म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन, खाऊ घातले होते. १०० अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्माकोल खात. १६ दिवसांच्या चाचणीत खाल्लेल्या कार्बनपैकी सुमारे ४८ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडला. प्रतिजैविके देऊन आतड्यातील जीवाणू नष्ट करताच प्लास्टिकच्या साखळ्या तोडण्याची अळ्यांची क्षमताही नाहीशी झाली. या विघटनात अळीच्या आतड्यातील जीवाणूंचा मोठा वाटा असतो, हे यावरून दिसून आले.

खाणे म्हणजे पचवणे नव्हे

अळीने प्लास्टिक कुरतडणे व त्याचे रासायनिक विघटन होणे या दोन भिन्न क्रिया आहेत. केवळ बारीक तुकडे झाले, तर कचरा नाहीसा न होता सूक्ष्मप्लास्टिकच्या रूपाने मातीत मिसळेल. मेणपतंगाच्या प्रयोगावर जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्येच असा आक्षेप घेतला की, विघटनाचा पुरावा म्हणून दाखवलेल्या खुणा अळ्यांच्या शरीरातील द्रव्यांच्या अंशामुळेही दिसू शकतात.

यानंतरचे संशोधन विकरांकडे वळले. बेर्टोकिनी यांच्या गटाने २०२२ मध्ये मेणपतंगाच्या अळीच्या लाळेतील दोन विकरे ओळखली व त्यांना ‘डिमीटर’ आणि ‘सिरीस’ या प्राचीन कृषिदेवतांची नावे दिली. ही विकरे सामान्य तापमानाला काही तासांतच पॉलिएथिलीनचे ऑक्सिडीकरण करतात, असे या गटाने नोंदवले. विघटनाची ही पहिली व सर्वात अवघड पायरी होय. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या अभ्यासात केवळ पॉलिस्टायरीनवर ठेवलेल्या झोफोबास मोरिओच्या अळ्या जगल्या व त्यांचे वजनही किंचित वाढले. परंतु त्यांच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांची विविधता घटली. प्लास्टिक हा अळीचा पूर्ण आहार नव्हे, हे यातून स्पष्ट झाले.

गणित काय सांगते?

पिठातील अळीचा वरील वेग गृहीत धरल्यास दिवसाला एक टन थर्माकोल संपवण्यासाठी सुमारे २५५ ते २९५ कोटी अळ्या लागतील. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार भारतात वर्षाला सुमारे ४१ लाख टन, म्हणजेच दिवसाला ११ हजार टनांहून अधिक, प्लास्टिक कचरा निर्माण होत होता. शिवाय मेणपतंग ही मधमाश्यांच्या पोळ्यांची शत्रुकीड असल्याने तिला मोकळ्यावर सोडणे मधुमक्षिकापालनास घातक ठरेल. म्हणून कचराभूमीवर अळ्या सोडणे हा उपाय नसून त्यांच्याकडील विकरे ओळखून ती कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार करणे, ही या संशोधनाची खरी दिशा आहे.

धोरणाशी संबंध

भारतात प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये लागू झाले. २०२१ च्या दुरुस्तीनुसार १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, तर ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशव्यांची किमान जाडी १२० मायक्रॉन करण्यात आली. विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या तत्त्वानुसार कचरा परत गोळा करण्याचा भार उत्पादकांवरही टाकण्यात आला आहे. विकरांचे तंत्र उद्या यशस्वी झाले, तरी त्याला एकाच प्रकारचे, स्वच्छ व वेगळे केलेले प्लास्टिक लागेल. ओल्या कचऱ्यात मिसळलेली पिशवी कोणत्याही विकरापर्यंत पोहोचणार नाही. त्यामुळे वापर कमी करणे आणि घराघरांत कचऱ्याचे वर्गीकरण करणे यांना हे संशोधन पर्याय ठरत नाही. उलट त्याचे यश याच दोन गोष्टींवर अवलंबून राहील.