आगोटीची बेगमी आणि हवाबंद डबा

मृगाच्या आधी कोकणात घरोघर जी साठवण चालते तिला आगोटीची बेगमी म्हणतात, हे किनाऱ्यावरच्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. सुके बोंबील, सोडे, जवळा, आमसुले, मिठातल्या कैऱ्या, पापड, फणसपोळ्या यांनी माळा भरला म्हणजे घरची वडीलधारी माणसे निश्चिंत होत. पुढे रस्ते डांबरी झाले, बाजार दाराशी आला आणि ही सवय पुष्कळ घरांतून सुटली. आमच्या घरातून तर ती सुटलीच होती; म्हणून या लेखाचा आरंभ मी स्वतःच्या फजितीनेच करतो.

सन 2021 च्या जुलै महिन्यात आमचे बिऱ्हाड चिपळुणात होते. 22 तारखेच्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले, आणि आम्ही पाच माणसे हाताला लागेल ते घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. गव्हाचे पीठ, तांदूळ, डाळ सारे खालीच भिजले. माझे मेहुणे आगबोटीवर नोकरीस असल्यामुळे त्यांनी वेळोवेळी आणलेले मांसाचे, मासळीचे व फळांचे दहाबारा डबे तेवढे एका पेटीतून वर आले. मला मोठे समाधान वाटले. परंतु थोड्याच वेळात असे ध्यानात आले की, डब्यांवरचे कागद भिजून गळून गेले आहेत आणि ते फोडण्याचे ओपनर खाली चिखलपाण्यात राहिले आहे. अखेरीस कोयत्याच्या टोकाने एक डबा फोडला. त्यात माझे बोट चांगलेच कापले आणि मांसाचा म्हणून फोडलेला तो डबा अननसाचा निघाला! मुलांस हसू आले. मला मात्र पाणी ओसरल्यावर धनुर्वाताची सुई टोचून घ्यावी लागली.

खरा प्रसंग दुसऱ्या दिवशी आला. उरलेल्यांपैकी एका डब्याची दोन्ही तोंडे किंचित वर आली होती. भूक लागलेली, माझ्या मते चांगला उकळून घेतला असता तो खाण्यास हरकत नव्हती. आमच्या मातोश्री चौथी इयत्तेपर्यंत शिकलेल्या. त्यांनी डबा हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "अरे, हा फुगलाय. पोरांच्या पानात हा मी वाढू देणार नाही." त्यांनी तो फडक्यात गुंडाळून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवला व पूर ओसरल्यावर मला खोल पुरावयास लावला. शास्त्राचा पदवीधर मी, पण त्या दिवशी शास्त्र त्यांच्या अंगठ्यात होते. ते कसे, हे कळण्यासाठी डब्यातले अन्न टिकते कशामुळे ते पाहिले पाहिजे.

पुष्कळांची अशी समजूत असते की, डब्यात काही औषध घातलेले असते. तसे नाही. फ्रान्स देशात निकोला आपेर नावाचा एक मिठाईवाला होता. सैन्यास व आरमारास पुरेल असे टिकाऊ अन्न तेथील सरकारला हवे होते. आपेरने अनेक वर्षे खटपट करून काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत मांस, रस्से, भाज्या भरल्या, बुचे घट्ट बसविली आणि त्या बाटल्या पाण्यात पुष्कळ वेळ उकळल्या. अन्न महिनोन्‌महिने टिकले. सन 1810 मध्ये त्याला 12,000 फ्रँकचे बक्षीस मिळाले, ते कृती छापून प्रसिद्ध करण्याच्या अटीवर. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरंड या व्यापाऱ्याने बाटलीऐवजी कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले, व 1813 च्या सुमारास ब्रायन डॉन्किन याच्या कारखान्यातून असे डबे इंग्लंडच्या लष्कराकडे व आरमाराकडे जाऊ लागले. ते छिन्नी व हातोडीने फोडावे लागत. डबा निघाल्यावर तो उघडण्याचे खास हत्यार निघावयास चाळीसहून अधिक वर्षे लागली. तेव्हा माझ्या कोयत्याला इतिहासाचा आधार होता असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

गंमत अशी की, अन्न का टिकते हे आपेरला ठाऊक नव्हते. हवा काढून टाकल्याने टिकते, असा त्या काळचा समज होता. अन्न नासविणारे सूक्ष्म जंतू असतात, आणि उष्णतेने ते मरून बंद डब्यात नवे शिरू शकत नाहीत, हा उलगडा लुई पाश्चर याच्या संशोधनाने 1860 च्या सुमारास झाला. तोपर्यंत कारखानदार अंदाजाने चालत होते. इंग्लंडच्या आरमारास पुरविलेले मांसाचे डबे 1852 मध्ये तपासले असता त्यांतले बहुतेक सडके निघाले. डबे फार मोठे केल्यामुळे मध्यभागापर्यंत उष्णता पोचत नाही, हे त्याचे एक कारण ठरले. याच्या उलट, 1824 च्या उत्तर ध्रुवाकडील सफरीत नेलेला वासराच्या मांसाचा एक डबा शंभराहून अधिक वर्षांनी उघडला, तेव्हा आतले मांस न नासलेले आढळले.

परंतु उकळत्या पाण्याची उष्णताही एका जंतूस पुरत नाही. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. हा मातीत राहतो व संकट आले म्हणजे बीजाणूचे कवच धारण करतो. 100 अंशांस तासन्‌तास उकळूनही तो जगू शकतो, आणि महाबळेश्वरी तर पाणी त्याहूनही चारसाडेचार अंश कमी उष्णतेवरच उकळते. हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या अन्नात हे बीजाणू रुजून जे विष तयार करतात, त्याचा अत्यल्प अंशही माणसाचे स्नायू व श्वास बंद पाडतो. म्हणून कारखान्यात मांसमासळीचे डबे वाफेच्या दाबाखाली सुमारे 121 अंशांपर्यंत तापवितात. डबा फुगणे म्हणजे आत कोणीतरी जिवंत आहे आणि वायू सोडीत आहे. मग तो उकळावा, चाखावा, वास घेऊन पाहावा, हा विचारच करू नये. नीट उकळल्याने हे विष नष्ट होते हे खरे. पण 'नीट' कितपत झाले हे पुराच्या दिवशी स्टोव्हवर कोण ठरविणार? आणि डबा फुगला नाही एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही. शिवणीवर खोलवर पोचलेला, आरपार गंजलेला, गळणारा किंवा उघडताच फसकन उसळणारा डबाही तितकाच वर्ज्य.

पालकांस येथेच एक विनंती. आपल्या घरच्या प्रेशर कुकरातही 121 अंशांच्या जवळपास उष्णता होते, म्हणून मटणाच्या बाटल्या घरी भरून फळीवर ठेवण्याचा मोह कोणी धरू नये. बाटलीच्या मध्यापर्यंत ती किती वेळाने पोचली, हे घरी कळण्यास मार्ग नाही. आपली लोणची टिकतात ती मीठ व आंबटपणा यांमुळे, सुकी मासळी टिकते ती पाणी काढून टाकल्यामुळे व मिठामुळे. मार्ग निराळे, शत्रू एकच. हे मार्ग मात्र घरी निर्धास्त चालवावेत.

आता साठवावे काय? याचे उत्तर मला एका युद्धाच्या हकिकतीत सापडले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत गावी आपली पुणे डिव्हिजन 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत वेढ्यात सापडली होती. तीत मराठा पलटणीही होत्या. शिधा संपत आला तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस देण्यात आले. गोऱ्या सैनिकांनी ते खाल्ले. हिंदी सैनिकांपैकी बहुतेकांनी ते कित्येक आठवडे नाकारले. धर्मपुढाऱ्यांची अनुज्ञा मागवून आणली, तरी ते मांस पुष्कळांच्या घशाखाली उतरेना. ताजी भाजी नव्हतीच. रक्तपिती व अशक्तपणा यांनी माणसे खंगून मेली. त्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे, पण मला तसे म्हणवत नाही. माणूस भुकेने व्याकूळ झाला म्हणून त्याची जीभ व त्याचे मन एका दिवसात बदलत नाही. ज्या घरात मांस चालत नाही तेथे मांसाचे डबे आणून ठेवणे म्हणजे रिकामी फळी ठेवण्यासारखेच आहे. तेथे भाजके पोहे, चुरमुरे, गूळ, शेंगदाणे, खजूर, सातूचे पीठ, दुधाची भुकटी हीच बेगमी. ज्यांस चालते त्यांनी मासळीचे वा मांसाचे डबे अवश्य ठेवावेत, मात्र लहान आकाराचे. कारण वीज नसता उघडलेला डबा त्याच दिवशी संपविला पाहिजे. त्यांत मीठ पुष्कळ असते, तेव्हा रक्तदाबाच्या आजाऱ्याचा विचार निराळा करावा. आणि पाणी! माणशी रोजचे तीनचार लिटर पिण्याचे पाणी नसेल तर खारट मांस तहानच वाढवील.

पुराच्या पाण्यात बुडालेला धड डबा टाकण्याचे कारण नाही. कागद काढावा, साबणाने धुवावा, ब्लीचच्या पातळ द्रावणात बुडवून मग उघडावा. चटणीभाकरीची घरे डबे विकत घेऊन विसरतात. दोन वर्षांनी ते आठवतात तेव्हा टोमॅटो, अननस यांसारख्या आंबट पदार्थांची मुदत उलटलेली असते. मांसमासळी त्याहून अधिक टिकते, पण पत्र्याखालच्या तापलेल्या माळ्यावर तीही लवकर बिघडते.

आमच्या घरी आता दर मे महिन्याच्या अखेरीस पेटी उघडली जाते. जुने डबे जेवणात जातात, त्यांच्या जागी नवे येतात. प्रत्येकाच्या तळावर मुले तैलरंगाने पदार्थाचे नाव व साल लिहितात. मातोश्री प्रत्येक डबा अंगठ्याने दाबून पाहतात. पेटी वरच्या मजल्यावर असते, आणि ओपनर तिच्या कडीला सुंभाने बांधलेले आहे.