शस्त्रक्रियेनंतर संगीत : वेदना व चिंता कमी करण्यास साहाय्य

शस्त्रक्रियेनंतर जखमेची वेदना व मनातील धास्ती एकमेकींना वाढवितात. धास्तीने स्नायू आखडतात, झोप लागत नाही आणि वेदना अधिक जाणवते. वेदनेच्या भीतीने रुग्ण दीर्घ श्वास घेणे, खोकणे व हालचाल करणे टाळतो. त्यामुळे छातीत कफ साचून फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून वेदना निमूट सोसणे हिताचे नाही.

संगीताचा उपयोग

आवडीचे संगीत ऐकताना लक्ष वेदनेवरून दूर जाते व मन शांत होते. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली ७३ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारे ७,००० रुग्णांचा समावेश होता. संगीत ऐकणाऱ्यांची वेदना व चिंता कमी आढळली आणि वेदनाशामक औषधही कमी लागले. रुग्णालयातील मुक्काम मात्र कमी झाला नाही. संगीत उपचाराला जोड देते, औषधाची जागा घेत नाही.

निवड रुग्णाची

झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शहरातून तसेच बुंदेलखंडातील गावांतून रुग्ण येतात. एकाच कक्षात कोणास अभंग, कोणास बुंदेली फाग, तर कोणास जुनी चित्रपटगीते प्रिय असतात. सर्वांना लागू पडेल असा एखादा ठरावीक राग नाही. नातेवाइकांनी आपली आवड रुग्णावर लादू नये. त्यास शांतता हवी असल्यास संगीत बंद ठेवावे.

घ्यावयाची काळजी

१. शस्त्रक्रियेपूर्वीच आवडीची गाणी मोबाईलमध्ये साठवून ठेवावीत व परिचारिकेची अनुमती घ्यावी.
२. एका वेळी २० ते ३० मिनिटे ऐकावे. झोपण्यापूर्वीची वेळ विशेष सोयीची असते.
३. आवाज मंद ठेवावा. जवळच्या माणसाचे बोलणे ऐकू यावे. इतर रुग्णांना त्रास होऊ नये म्हणून स्वच्छ इअरफोन वापरावा.
४. कान किंवा डोक्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांना विचारल्याविना इअरफोन लावू नये.
५. चालताना इअरफोन काढून ठेवावा.
६. वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच घ्यावे. बरे वाटले म्हणून ते परस्पर बंद करू नये.

हे दुर्लक्षू नका

औषध घेऊनही वाढणारी वेदना, ताप, जखमेभोवती लाली किंवा पू, न थांबणाऱ्या उलट्या, लघवी न होणे अथवा पोटरीला सूज ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना कळवावे. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा रक्तस्राव न थांबणे यांपैकी काहीही झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी वेदना हा शरीराचा इशारा असतो. तो संगीताने झाकू नये.

दररोज रुग्णास एक प्रश्न अवश्य विचारा : “शून्य म्हणजे वेदना नाही व दहा म्हणजे असह्य वेदना, तर आत्ता किती?” मिळालेला आकडा लिहून ठेवा व डॉक्टरांना दाखवा.