आकड्याआधीचा आठवडा

पोरी, व्हॉल्व्ह बदलून घरी आलीस, आता रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची सोबतीण. डिस्चार्ज कार्डावर डोस लिहिलेला असतो. सणवार, प्रवास आणि आजारपण यांत तो कसा सांभाळायचा ते नसतं. माझाही मायट्रल व्हॉल्व्ह यांत्रिकच, म्हणून आत्याच्या चार गोष्टी ऐकून ठेव.

आधी आकड्याचं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा हा आकडा म्हणजे आयएनआर; गोळी न घेणाऱ्याचा तो १ च्या आसपास असतो. आपल्यासारख्यांचा बहुधा २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात; पण तुझ्या डॉक्टरांनी लिहून दिली तीच तुझी मर्यादा. शेजारच्या काकांना ठोके अनियमित म्हणून २ ते ३ सांगितलं असेल, ते त्यांच्यापाशी. आकडा चढला की रक्तस्रावाच्या भीतीनं घर हादरतं, उतरला की कुणी लक्षच देत नाही. उतरलेल्या आकड्यात व्हॉल्व्हवर गुठळी धरू शकते आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. दोन्हीकडे सारखंच लक्ष हवं.

गोळी संध्याकाळी, ठरल्या वेळी घे. सकाळी तपासणी झाली की डॉक्टरांना त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. एक दिवस दोन, एक दिवस तीन मिलिग्रॅम असा डोस असेल तर कालनिर्णयच्या चौकोनातच लिही आणि गोळी गिळल्यावर खूण कर. विसरलीस आणि त्याच दिवशी आठवलं तर घे. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घेऊ नकोस, फक्त नोंद कर. तुझी गोळी अ‍ॅसिट्रॉम असेल आणि तिच्या जागी केमिस्टनं वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारीच दुसरी गोळी, पुढे केली तर परत दे. दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे नसतात.

आता घरी आयएनआर मोजायच्या यंत्राचं. हात कोमट पाण्यानं धू आणि पूर्ण कोरडे कर. बोटावर पाणी किंवा स्पिरिट राहिलं तर आकडा चुकतो. हात थोडा वेळ खाली सोडून ठेव. पट्टी यंत्रात घालून यंत्रानं थेंब मागितला की मगच टोच, तेही बोटाच्या टोकाला, कडेला. तळव्याकडून बोटाकडे हलकं चोळ, शेंडा पिळू नकोस. साखरेच्या तपासणीत काही जण पहिला थेंब पुसतात. कोअ‍ॅगुचेक या आपल्या यंत्राला पहिलाच थेंब लागतो, तोही टोचल्यापासून १५ सेकंदांच्या आत. कमी पडला म्हणून वरून दुसरा थेंब घालू नकोस. नवी पट्टी, नवं बोट. पट्ट्या ३० अंशांच्या वर ठेवायच्या नाहीत, म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात डबी फ्रिजमध्ये. आणि पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट, कारण दमट हवेनं त्या खराब होतात. सुरुवातीला आणि मग अधूनमधून त्याच सकाळी लॅबमध्येही रक्त देऊन दोन्ही आकडे ताडून पाहा. यंत्रावर ४ च्या वर दिसलं की लॅबमधून खात्री करायची आणि डॉक्टरांना फोन.

आणि खरा कानमंत्र हा: आकडा हलला की गोळीला हात लावण्याआधी मागचा आठवडा आठव. डोस बदलल्याचा पुरता परिणाम दिसायला दोन-तीन दिवस तरी जातात. रोज टोचून रोज गोळी कमी-जास्त करणारे आकड्याच्या मागे धावत राहतात. वहीत तारीख, आकडा आणि डोस यांच्या शेजारी एक रकाना 'वेगळं काय झालं' याचा ठेव. चुकलेली गोळी, ताप, जुलाब, नवं औषध, उपास, लग्नाची जेवणं, सगळं त्यात. ती वही समोर असली की डॉक्टरांना नेमकं सांगता येतं.

त्या रकान्यात सगळ्यात जास्त येणार पालेभाजी. ही गोळी 'के' जीवनसत्त्वाचं काम अडवते, आणि पालक, मेथी, माठ, अळू यांत ते भरपूर. म्हणून सासरी सगळे सांगतील, हिरवं बंद कर. बंद करू नकोस. साधारण सारखं ठेव. आठवड्यातून तीनदा वाटीभर खात असशील तर तेवढंच. श्रावणात पालेभाजी एकदम सुटते, मग ऋषिपंचमीला ऋषीच्या भाजीनं ताट भरतं. अशा वेळी दोन घास प्रसादापुरते घे आणि त्या आठवड्यात तपासणी चुकवू नकोस.

केमिस्टच्या काउंटरवर जास्त जप. जुलाबावर लोक सहज मेट्रोनिडाझोल घेतात, गजकर्णावर फ्लुकोनाझोल. दोन्हींनी आकडा झपाट्यानं चढतो. टीबीच्या रिफाम्पिसिननं तो खाली येतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक तर मनानं कधीच नको. काढे, चूर्णं, पावडरी याही औषधंच समज. कोणतंही नवं औषध सुरू झालं किंवा बंद झालं की डॉक्टरांना विचारून तीन-चार दिवसांत आकडा बघ. दाताच्या डॉक्टरांना आधीच सांग, पण स्वतःहून गोळी थांबवू नकोस. दंडावर किंवा कमरेत इंजेक्शन द्यायला निघाले तरी सांग. आणि मूल हवं असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोल. या गोळीनं गर्भाला धोका असतो. पाळी चुकली तर त्याच दिवशी फोन.

कुणीतरी हटकून म्हणेल, हे तर उंदराचं औषध. वॉरफरिन १९४८ मध्ये त्यासाठीच बाजारात आलं, हे खरं. पण १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या आयझेनहॉवरना, अमेरिकेच्या अध्यक्षांना, तेच दिलं होतं. मात्रा महत्त्वाची, आणि ती मोजायला तर आपण बोट टोचतो.

शेवटी, कधी थांबायचं नाही ते. शौच डांबरासारखं काळं, लघवीत रक्त, दाबून धरूनही न थांबणारा घोळणा, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, व्हॉल्व्हची टिकटिक दबकी होऊन दम लागणं: यांतलं काही दिसलं की यंत्र काढत बसू नकोस, थेट हॉस्पिटल. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी जायचं. पर्समध्ये व्हॉल्व्ह, गोळी आणि डोस लिहिलेली चिठ्ठी कायम असू दे. डोस बदलला की जुनी फाडून नवी लिही.